हप्ता थकला आणि वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, तर काय करायचं?

“पैसे घेताना गोड लागलं ना, मग आता ऐकून घ्या.” वसुलीवाल्यांचं हे ठरलेलं वाक्य. त्यातला जोर समोरच्याच्या अपराधीपणावर असतो. हप्ता थकलाय हे खरं असतं, त्यामुळे माणूस शिव्याही मुकाट ऐकतो, शेजाऱ्यांसमोरचा तमाशाही सोसतो आणि शेवटी फोन बंद करून बसतो. शेवटची गोष्ट सगळ्यात महागात पडते, कारण बंद फोनसोबत खऱ्या नोटिसाही दुर्लक्षित होतात.

थकबाकी देणं लागतं, ते लागतंच. या लेखात कर्ज बुडवायची युक्ती सापडणार नाही. पण वसुली कशी करायची याला नियम आहेत, आणि ते थकबाकीदारासाठीच केलेले आहेत. नियमित हप्ते भरणाऱ्याच्या दारात वसुलीवाला येतच नाही.

आधी हे ठरवा: कर्ज नेमकं कोणाचं?

बहुतेक लोक इथेच चुकतात. रिझर्व्ह बँकेचे नियम सगळ्यांना लागू आहेत असं समजून पतसंस्थेविरुद्ध बँकिंग लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी) अर्ज करतात, तो फेटाळला जातो आणि महिना वाया जातो. म्हणून कर्जाचा करारनामा किंवा मंजुरीपत्र काढा आणि कर्ज देणाऱ्याचं नाव वाचा. दुकानात हप्त्याने घेतलेल्या फोनचं किंवा फ्रिजचं कर्ज दुकानदाराचं नसतं, फायनान्स कंपनीचं असतं. मोबाइल ॲपवरून घेतलेल्या कर्जामागेही एखादी बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली, पण कर्ज देणारी वित्त कंपनी) असायला हवी. तिचं नाव कुठेच नसेल तर तो प्रकारच वेगळा, त्याकडे पुढे येऊ.

बँका (सहकारी बँकांसह), एनबीएफसी, गृहकर्ज कंपन्या आणि थकीत कर्जं विकत घेणाऱ्या मालमत्ता पुनर्रचना कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या वसुलीच्या नियमांखाली येतात. महिलांच्या गटांना कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्याही रिझर्व्ह बँकेखालीच, पण त्यांचे नियम आणखी कडक. पतसंस्था सहकार खात्याच्या, म्हणजे निबंधकाच्या अखत्यारीत. सावकारांसाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. प्रत्येकाचं दार वेगळं आहे आणि चुकीचं दार ठोठावलं की कोणी उघडत नाही.

पहिला फोन

फोन उचला, आवाज चढवू नका, आणि एवढंच विचारा:

“तुमचं पूर्ण नाव काय? कोणत्या एजन्सीतून बोलताय? कोणत्या संस्थेच्या वतीने? माझा कर्ज खाते क्रमांक आणि आजची थकबाकी सांगा. संस्थेने तुम्हाला नेमल्याचं पत्र मला पाठवा. हा कॉल मी रेकॉर्ड करतोय.”

खऱ्या एजंटाला यातलं काहीही अवघड नाही. बँकेने प्रकरण वसुली एजन्सीकडे देताना त्या एजन्सीचं नाव कर्जदाराला कळवायचं असतं, हे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच सांगितलं आहे. डिजिटल कर्जाच्या बाबतीत तर एजंटाने संपर्क करण्याआधीच त्याची माहिती ईमेल किंवा एसएमएसने यायला हवी. नाव सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढे बोलायची गरज नाही. ओटीपी, आधारचा फोटो, बँकेचा तपशील फोनवर कोणालाच द्यायचा नाही.

मग स्वतः शाखेत किंवा कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर विचारून खातेउतारा मागवा. मुद्दल किती, व्याज किती, दंड किती हे वेगवेगळं बघा. १ एप्रिल २०२४ पासून बँका आणि एनबीएफसींना दंड ‘दंडात्मक व्याज’ म्हणून लावता येत नाही. तो शुल्क म्हणून वेगळा दाखवायचा आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. फोनवर सांगितलेला आकडा आणि उताऱ्यावरचा आकडा यात फरक निघणं नवलाचं नाही. बोलणी उताऱ्यावरच्या आकड्यावर करायची.

त्याच दिवसापासून एक वही घाला: तारीख, वेळ, नंबर, कोण बोललं, काय बोललं. व्हॉट्सॲपचे संदेश पुसू नका. रेकॉर्डिंग ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नका किंवा रीसेट करू नका. कोर्टात मूळ उपकरणाला महत्त्व असतं.

त्यांना काय करता येत नाही

१२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने हे स्पष्ट केलं. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नाही. सतत फोन करून भंडावायचं नाही. धमकी नाही, शिवीगाळ नाही, निनावी फोन नाहीत. चारचौघांत अपमान होईल असं काही करायचं नाही. कुटुंबीय, मित्र आणि कर्जाच्या अर्जात संदर्भ म्हणून दिलेल्या लोकांच्या खासगी आयुष्यात शिरायचं नाही. सोशल मीडियावर काही टाकायचं नाही आणि खोटी माहिती देऊन घाबरवायचं नाही. “आमचा एजंट होता, आमचा संबंध नाही” हे उत्तर चालत नाही. एजंटाच्या वागण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेची.

मायक्रोफायनान्सच्या कर्जात ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी आणखी आखूड आहे. शिवाय हप्ता दोघांनी मिळून ठरवलेल्या जागीच घ्यायचा. कर्जदार बाई लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा त्या जागी आली नाही, तरच कर्मचाऱ्याने तिच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी जायचं. रात्री ९ वाजता अंगणात खुर्ची टाकून बसणं आणि ‘पैसे मिळाल्याशिवाय उठणार नाही’ म्हणणं गावोगाव चालतं. ते नियमात कुठेच बसत नाही. गटातल्या बाकीच्या बायकांना तिच्या दारात नेऊन उभं करणं हा तर दबावाचा सगळ्यात हलकट प्रकार आहे, कारण उद्या त्याच बायकांसोबत तिला पाण्याला जायचं असतं.

घरी कोणी आलं तर उंबऱ्याबाहेर थांबवून ओळखपत्र आणि नेमणुकीचं पत्र मागा, दोन्हींचा फोटो घ्या. आत घेण्याची सक्ती नाही. “जा” म्हटल्यावर गेला नाही, दार ढकललं, वस्तूला हात लावला तर ११२ वर फोन करा. टीव्ही, फ्रिज, दागिने, गॅस सिलिंडर उचलून नेण्याचा अधिकार कोणत्याही एजंटाला नाही. रोख रक्कम द्यायचीच असेल तर संस्थेच्या नावाची छापील पावती घेऊनच. त्याहून बरं म्हणजे पैसे थेट कर्ज खात्यात भरणं. एजंटाच्या स्वतःच्या यूपीआयवर पाठवलेला हप्ता खात्याला लागलाच नाही, असे प्रकार कमी नाहीत.

गाडीचा प्रश्न थोडा वेगळा, कारण गाडी तारण असते आणि ती ताब्यात घ्यायची तरतूद करारात असते. पण त्याआधी नोटीस, नोटिशीची मुदत आणि विक्रीपूर्वी पैसे भरायची शेवटची संधी या गोष्टीही करारात असाव्या लागतात. रस्त्यात गाडी अडवून चावी हिसकावणं त्यात मोडत नाही. आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गुंड लावून गाड्या उचलण्यावर कडक ताशेरे ओढले होते. गाडी नेलीच, तर ताबा घेतल्याची पावती मागा आणि आतल्या सामानाची यादी करून त्यावर सही घ्या.

संदर्भ आणि जामीनदार

अर्जात ‘संदर्भ’ म्हणून मेहुण्याचा नंबर दिला होता आणि आता त्याला फोन जातायत. मेहुण्याचं देणं शून्य. त्याने एकदा “मी जामीनदार नाही, पुन्हा फोन करू नका” असं लिहून पाठवावं.

जामीनदाराचं मात्र तसं नाही. ‘नुसती सही तर केली’ म्हणणाऱ्याची जबाबदारी कायद्याने कर्जदाराइतकीच असते, आणि संस्था आधी कर्जदाराकडेच गेली पाहिजे असंही नाही. पतसंस्था पगारदार जामीनदार का शोधतात ते यावरून कळेल.

कर्जदार वारला असेल तर वारसांवर देणं येतं ते मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. वडिलांचं कर्ज मुलाने स्वतःच्या पगारातून फेडलंच पाहिजे, असं सांगणारा खोटं सांगतोय. मुलगा सहकर्जदार किंवा जामीनदार नाही ना, एवढं मात्र आधी पाहा. कर्जासोबत विमा काढला होता का, तेही विचारा. घरात कोणालाच ठाऊक नसलेला विमा करारनाम्याच्या मागच्या पानांत सापडतो.

“अटक वॉरंट निघालंय”

हप्ता थकला म्हणून पोलीस अटक करत नाहीत. ती दिवाणी बाब आहे. वॉरंट कोर्ट काढतं, ते व्हॉट्सॲपवर एजंट पाठवत नाही. “तुमच्यावर केस झालीय” असं कोणी म्हणालं तर केसचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसला कोर्टात मिळणारा स्वतंत्र क्रमांक) मागा आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकून पाहा.

इथे एक सावधगिरी. तुम्ही दिलेला चेक न वटता परत गेला तर तो प्रकार फौजदारी होऊ शकतो. चेक परतल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत तुम्हाला नोटीस यायला हवी, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली तर प्रकरण तिथेच संपतं. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशाअभावी परत गेला, तर त्यालाही अशीच तरतूद आहे. म्हणून चेक परतल्याची नोटीस आली की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती हाती घ्या. खोटी कागदपत्रं देऊन काढलेलं कर्ज हाही फसवणुकीचा, वेगळा मामला.

पगाराबद्दल भीती असते. साध्या दिवाणी हुकुमनाम्यात (कोर्टाच्या पैसे देण्याच्या आदेशात) पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्तीतून वगळलेला आहे. २५,००० रुपये पगार असेल तर १७,००० ला हात लागत नाही. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीही वगळलेली आहे. अर्थात पगारदार पतसंस्थेला कपातीची संमती आधीच लिहून दिली असेल तर तिची कपात चालू राहते. आणि ज्या बँकेचं कर्ज थकलंय तिथेच पगार जमा होत असेल, तर बँक तो कर्जाकडे वळवू शकते, हेही लक्षात असू द्या.

नोटीस आली की ती उघडा

वकिलाची नोटीस म्हणजे मागणी. लेखी उत्तर द्या आणि हिशेबावरचा आक्षेप त्यात नोंदवा.

लोकअदालतीची नोटीस पाहून लोक जास्त घाबरतात, कारण वर न्यायालयाचं नाव असतं. प्रत्यक्षात ती तडजोडीची जागा आहे. तिथे जा, परवडत असेल तर सवलत मागा. तडजोड करायची सक्ती नाही. पण एकदा सही केली की तो निवाडा कोर्टाच्या हुकुमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. न झेपणाऱ्या हप्त्यावर केवळ संकोचापोटी सही करू नका.

घर किंवा दुकान तारण असेल तर सरफेसी कायद्याची नोटीस येते. या कायद्याने बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकता येतं. खातं ९० दिवस थकून एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, झाल्यावर बँक कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस देते. या ६० दिवसांत आक्षेप लिहून द्या. बँकेला १५ दिवसांत त्यावर कारणांसह उत्तर द्यावं लागतं. त्यानंतर बँकेने ताब्याचं पाऊल उचललं, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. राज्यात ही न्यायाधिकरणं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. आपली बँक सहकारी आहे म्हणून हा कायदा तिला लागू नाही, हा समज २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला. ते प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेचंच होतं. शेतजमीन सरफेसीतून वगळलेली आहे, पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. सहकारी संस्थांकडे दुसरं हत्यार आहे.

ते हत्यार म्हणजे ‘१०१ चा दाखला’. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली पतसंस्था निबंधकाकडे अर्ज करते, निबंधक कर्जदाराला आणि जामीनदारांना सुनावणीची नोटीस काढतो आणि मग वसुली दाखला देतो. तो मिळाला की वसुली अधिकारी जप्ती आणि लिलावापर्यंत जाऊ शकतो. साधारणपणे होतं असं की नोटीस येते, घरात कोणी सही करून घेतं, ती कपाटावर पडते आणि सुनावणीला कोणीच जात नाही. दाखला एकतर्फी निघतो. त्यावर पुनरीक्षण अर्ज (वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीची मागणी) करायचा तर वसुलीच्या एकूण रकमेपैकी ५० टक्के आधी संस्थेत भरावे लागतात. एवढे पैसे असते तर कर्ज थकलंच नसतं. म्हणून पतसंस्थेच्या प्रकरणात तुमची खरी लढाई सुनावणीच्या टेबलावर आहे. जाताना पावत्या, पासबुक आणि खातेउतारा न्या. न लागलेले हप्ते, जास्त लावलेला व्याजदर, परवानगीशिवाय वळवलेली ठेव हे सगळं लेखी द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं दाखल्यात येत नाही.

जुन्या कर्जाबद्दल एक गोष्ट. विनातारण कर्जाच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते. मुदतीत तुम्ही लेखी कबुली दिली किंवा हप्त्यापोटी थोडी रक्कम स्वतःच्या सहीने किंवा चेकने भरली, तर मुदत नव्याने सुरू होते. सात-आठ वर्षांपूर्वीच्या क्रेडिट कार्डाबद्दल अचानक फोन आला आणि “निदान ५०० रुपये तरी भरा” असा आग्रह सुरू झाला, तर आधी वकिलाला विचारा. वकील परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

तक्रार कशी करायची

आधी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, लेखी. ईमेल केला तर उत्तम, कारण तारीख आपोआप पडते. मजकूर साधा ठेवा:

“माझा कर्ज खाते क्रमांक अमुक. माझ्याकडे थकबाकी आहे आणि ती नाकारण्याचा माझा हेतू नाही. परंतु आपल्या वतीने अमुक क्रमांकावरून अमुक तारखांना रात्री ९ नंतर फोन आले, शिवीगाळ झाली आणि माझ्या शेजाऱ्यांना माझ्या कर्जाविषयी सांगण्यात आलं. हे रिझर्व्ह बँकेच्या सूचनांचं उल्लंघन आहे. रेकॉर्डिंग व स्क्रीनशॉट जोडले आहेत. कृपया (१) सदर एजंटवर केलेली कारवाई लेखी कळवावी, (२) यापुढचा संपर्क फक्त माझ्या मोबाइलवर सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळेत करावा, (३) अद्ययावत खातेउतारा द्यावा, (४) माझं उत्पन्न घटल्याने हप्ता अमुक रुपयांपर्यंत कमी करून मुदत वाढवावी.”

चौथा मुद्दा गाळू नका. तक्रारीसोबत परतफेडीचा प्रस्ताव असला की तुम्ही बुडवे नाही हे कागदावर येतं आणि पुढे कोणाहीसमोर ते कामी येतं. बँकेच्या बाबतीत आणखी एक फायदा आहे. तक्रार निकाली निघेपर्यंत बँकेने ते प्रकरण वसुली एजंटाकडे देऊ नये, असं २००८ च्या सूचनांत म्हटलं आहे. अपवाद एकच: कर्जदार मुद्दाम खोट्या तक्रारी करतोय असं बँकेला पुराव्यानिशी दिसलं तर.

बँकेकडून किंवा एनबीएफसीकडून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर करता येते, फी नाही, माहितीसाठी १४४४८. ती स्वतः करा, वकिलामार्फत केलेली लोकपाल घेत नाही. कोर्टात तेच प्रकरण चालू असेल तरीही घेत नाही. पतसंस्थेची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे.

धमकी, घरात घुसणं, बाईमाणसाला अश्लील बोलणं, फोटो विकृत करून पाठवणं यासाठी लोकपालाची वाट पाहायची नाही. ते पोलिसांचं काम. ठाण्यात “हे दिवाणी प्रकरण आहे, तुमचं तुम्ही मिटवा” असं उत्तर मिळण्याची शक्यता बरीच. तेव्हा शांतपणे सांगा, “कर्जाची तक्रार घेऊन मी आलेलोच नाही, मला मारण्याची धमकी दिली त्याची तक्रार द्यायचीय.” अर्जात कर्जाची कहाणी दोन ओळीत आटपा आणि धमकीचे शब्द जसेच्या तसे लिहा. पोलीस गुन्हा दखलपात्र (ज्याचा तपास पोलीस स्वतःहून करू शकतात असा) नाही म्हणाले तर निदान एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून प्रत घ्या. दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवत नसतील, तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात पोलीस आयुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. पुढचा रस्ता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो.

ॲपवाले आणि सावकार

नियमातल्या कर्ज-ॲपला तुमची संपर्कयादी, फोटो, कॉलची नोंद उघडायची परवानगीच नाही. ज्याने यादी उचलून नातेवाइकांना संदेश पाठवले, तो एकतर नियम मोडतोय किंवा मुळात बेकायदा आहे. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नियंत्रित संस्थांच्या कर्ज-ॲपची यादी आहे, तिथे नाव शोधा. नसेल तर १९३० वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवरही कळवा. अशा ॲपला ‘तोंड बंद ठेवण्यासाठी’ पैसे देऊन सुटका होत नाही. एकदा भरणाऱ्याकडे ते पुन्हा येतात. त्यापेक्षा ओळखीच्यांना स्वतःच एक संदेश पाठवा, “माझ्या नावाने खोटे फोटो येतील, उघडू नका.” लाज वाटते खरी, पण त्यांच्या हातातली भीतीच संपते.

सावकाराला आधी परवाना विचारा. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि परवानाधारकालाही चक्रवाढ व्याज लावता येत नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे करायची. कर्जापोटी जमीन ‘खरेदीखत’ करून घेतली असेल तर ती परत मिळवण्यासाठी कलम १८ आहे. अर्जाच्या तारखेआधीच्या १५ वर्षांतले व्यवहार त्यात तपासता येतात. खरेदीखतावरची किंमत बाजारभावाच्या मानाने किती कमी होती आणि त्यानंतरही जमीन कोण कसत होतं, हे तिथे निर्णायक ठरतं.

तडजोड आणि शेवटचे कागद

एकरकमी तडजोडीची ऑफर फोनवर आली तर आधी संस्थेच्या लेटरहेडवर पत्र घ्या, त्यात रक्कम, तारीख आणि ‘यानंतर काही देणं राहणार नाही’ हे शब्द असू द्या. पैसे त्यानंतर. तडजोडीने मिटलेलं खातं सिबिलसारख्या नोंदीत ‘सेटल्ड’ असं दिसतं आणि पुढचं कर्ज मिळायला ते अडसर ठरतं. शक्य असेल तर पूर्ण फेडून ‘क्लोज्ड’ करून घेणं बरं, पण त्यासाठी दुसरं कर्ज काढू नका.

पूर्ण फेड झाल्यावर बेबाकी दाखला घ्या. तारण ठेवलेली मूळ कागदपत्रं बँकेने किंवा एनबीएफसीने ३० दिवसांत परत द्यायची असतात. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. दिलेले कोरे चेक परत मागा. गाडी असेल तर आरटीओत फॉर्म ३५ देऊन आरसीवरची बँकेची नोंद काढा. शेती असेल तर दाखला घेऊन तलाठी कार्यालयात जा, बोजा कमी करण्याचा अर्ज द्या आणि नवा सातबारा हातात घेऊन ‘इतर अधिकार’ रकान्यातलं संस्थेचं नाव खरंच गेलंय का ते तिथेच वाचून घ्या.